नाकारलेल्या दुरुस्त्या

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्रात मी एक विधान केले आणि ते चुकीचे ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका मासिकात गाजलेला वाद हा माझ्या निबंधाचा विषय होता. त्या वादातील एका लेखकाने प्रतिपक्षाचे सिद्धांत अखेरीस मान्य केले, असे मी म्हटले आणि त्या आधारे तत्कालीन वादपद्धतीच्या उदारतेविषयी बरेच काही सुचवले. निबंध संपल्यावर श्रोत्यांतील एका वयोवृद्ध अभ्यासकांनी शांतपणे विचारले, “मूळ अंकात त्या ‘ते’वर अनुस्वार आहे की नाही, हे आपण पाहिले आहे काय?” मी पाहिले नव्हते.

घरी येऊन मूळ पानाची प्रतिमा उघडली. परिच्छेदाच्या शेवटी तीन शब्द होते : ‘तें मान्य करावें’. त्याआधी प्रतिपक्षाचे ‘मत’ आणि त्या मताच्या पुष्ट्यर्थ दिलेले ‘सिद्धांत’ अशी दोन्ही नामे येऊन गेली होती. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन. म्हणजे मत मान्य करावे, सिद्धांत नव्हेत. माझ्या हातातील संहितेत मात्र ‘ते मान्य करावे’ असे होते. आजच्या लेखनपद्धतीत हे नपुंसकलिंगी एकवचन असू शकते, तसेच पुल्लिंगी अनेकवचनही. मी जवळचे नाम धरले. दोन ठिपके गळाले होते आणि त्यांच्याबरोबर माझ्या निबंधाचा निष्कर्षही.

हे ठिपके कोठे गळाले याचा शोध घेणे भाग होते. मी वापरत होतो ती संहिता एका साखळीतून बाहेर पडलेली होती. साखळीची पहिली कडी शेल स्क्रिप्टची : ती पानांच्या प्रतिमा एकेक करून अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीकडे सोपवी. दुसरी पर्ल भाषेतील : ती पानांचे मथळे काढून टाकी, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडी. तिसरी पायथनमधील : ती एकेक परिच्छेद एका भाषाप्रतिमानाकडे पाठवी आणि उत्तर साठवून ठेवी. शेवटी जावास्क्रिप्टमधील एक लहानसे पान प्रतिमा आणि संहिता शेजारी-शेजारी दाखवी. (ते पान मी हौसेने तयार केले होते. त्यात पाहण्याची तसदी मात्र घेतली नव्हती.) एका कडीचे फलित दुसरीच्या तोंडी देण्याची ही रीत १९७३ च्या सुमारास युनिक्स प्रणालीत रूढ झाली. तिची अट एकच, की कड्यांमधून वाहणारी गोष्ट साधा मजकूर असावी. भिन्न भाषांत लिहिलेल्या आज्ञावलींना एकमेकींचे व्याकरण ठाऊक नसले तरी चालते.

पहिल्या दोन कड्यांचे फलित तपासले, तेव्हा दोन्ही अनुस्वार तेथे शाबूत होते. म्हणजे ते तिसऱ्या कडीत, प्रतिमानाकडे जाऊन परत येताना नाहीसे झाले. त्या कडीत पायथनच्या जोडीला आणखी एक भाषा होती, आणि तिच्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. ती भाषा मराठी. प्रतिमानाला दिलेली सूचना मी मराठीत लिहिली होती : अक्षरओळखीतील दोष दुरुस्त करावेत, लेखकाचे शब्द बदलू नयेत. पर्लमध्ये दोन विधानांमधले अर्धविरामचिन्ह विसरले की सारे काम थांबते आणि यंत्र ओळीचा क्रमांक सांगून तक्रार करते. मराठी वाक्य असे थांबवता येत नाही. ते समजून घेतले जाते. ‘दोष’ म्हणजे काय, ‘शब्द बदलणे’ कशाला म्हणावे, हे मी सांगितले नव्हते, कारण मला ते उघड वाटत होते. प्रतिमानालाही ते उघडच वाटले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. त्याच्या लेखी ‘तें’ हा दोष होता.

का, हे कळायला फार खोलात जावे लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार, मग ते व्युत्पत्तीने सिद्ध होणारे का असेनात, लेखनातून गेले. संगणकावर उपलब्ध असलेला मराठी मजकूर बहुतांशी त्यानंतरच्या वळणाचा आहे, आणि प्रतिमान त्याच मजकुरावर घडलेले आहे. कोणत्या अक्षरसमूहानंतर कोणता समूह येणे संभवनीय, याचा हिशेब हे त्याच्या कामाचे मूळ. त्या हिशेबात अनुस्वारयुक्त ‘करावें’ हे विरळ आणि म्हणून संशयास्पद ठरते. पाठचिकित्सेचे सूत्र नेमके उलट आहे. दोन पाठांत जो अधिक कठीण तो मूळचा असण्याचा संभव जास्त, कारण लेखनिक कठीणाचे सोपे करतो, सोप्याचे कठीण सहसा करीत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे हे तत्त्व आपल्याकडे सुपरिचित आहे. संभाव्यतेवर चालणारे यंत्र स्वभावतःच सोप्या पाठाचा पक्ष घेते.

पोथ्यांवर काम केलेल्यांना हा लेखनिक ओळखीचा वाटेल. अडाणी लेखनिक चुकतो तेव्हा चूक दिसते. निरर्थक अक्षर अडखळवते आणि संपादक सावध होतो. विद्वान लेखनिक चुकतो तेव्हा वाक्य अधिकच नेटके होते. माझ्या साखळीतील पर्लची कडी पहिल्या प्रकारची होती, प्रतिमान दुसऱ्या प्रकारचे. या दोहोंना मी एकाच रांगेत बसवले आणि दोघांच्या फलितावर सारखाच विश्वास टाकला.

डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५०-५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात संहितेतील आशयाला स्पर्श करणारे पाठ आणि वर्णलेखन, विरामचिन्हे यांसारखी आनुषंगिक अंगे असा भेद केला. इंग्रजी नाटकांच्या मुद्रित प्रतींसाठी तो उपयुक्त ठरला. जुन्या मराठी गद्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही, असे मला वाटते. ‘तें’वरील ठिपका लिंग आणि वचन सांगतो, ‘मीं’वरचा ठिपका तृतीया विभक्ती सांगतो. रूपाने तो वर्णलेखनाचा भाग, कार्याने व्याकरणाचा. ‘शुद्धलेखन’ हा एकच शब्द दोन्हींना पुरवून आपण हा प्रश्न झाकून ठेवला आहे. तेव्हा प्रतिमानाने केले ते आपल्याच व्यवस्थेचे निमूट पालन होते.

साखळी मी मोडली नाही, तिची रचना बदलली. आता प्रतिमान संहितेला हात लावत नाही. ते फक्त प्रस्ताव देते : अमुक ओळीतील अमुक शब्दाच्या जागी अमुक शब्द असावा. ते प्रस्ताव पायथनमधील एक आज्ञावली अक्षरशः ताडून पाहते. फरक केवळ अनुस्वाराचा किंवा ऱ्हस्वदीर्घाचा असेल, तर प्रस्ताव नाकारते आणि वेगळ्या वहीत नोंदवते. निर्बुद्ध आज्ञावलीने व्युत्पन्न लेखनिकावर पहारा ठेवावा, अशी ही योजना. ती पुष्कळशी यशस्वी झाली.

गंमत अशी, की मला आता संहितेपेक्षा त्या वहीचेच वाचन अधिक उद्बोधक वाटते. ‘नांव’चे ‘नाव’, ‘आंत’चे ‘आत’, ‘कवि’चे ‘कवी’, ‘घरें’चे ‘घरे’ : १९६२ च्या आधीचे गद्य आजच्या वाचकाच्या कानाला कोठे कोठे खुपते, याची ती जणू सूची आहे. पाठभेद सहसा प्रतींच्या प्रवासाविषयी बोलतात. हे पाठभेद वाचणाऱ्याविषयी बोलतात.

गेल्या आठवड्यात मात्र त्याच वहीत एका नोंदीने अडवले. त्याच वादातील, त्याच लेखकाचे वाक्य. संहितेत ‘त्याचें म्हणणें’ असे आहे. प्रतिमानाचा प्रस्ताव ‘त्यांचें म्हणणें’ असा होता. येथे त्याने शेवटचे अनुस्वार राखले होते आणि आरंभी एक वाढवला होता. फरक केवळ अनुस्वाराचा, म्हणून आज्ञावलीने तो नियमाप्रमाणे नाकारला. हा अनुस्वार उच्चारित आहे, आजच्या लेखनातही टिकलेला आहे, आणि त्यावरून कळते ते हे, की लेखक आपल्या प्रतिपक्षाला एकेरी संबोधतो की आदरार्थी. उदारतेविषयीचे माझे विधान कोसळले ते एका ठिपक्याने. ते निराळ्या अर्थाने पुन्हा उभे राहील की नाही, हे या दुसऱ्या ठिपक्यावर अवलंबून आहे. पानाची प्रतिमा मोठी करून पाहिली. ‘त्या’च्या शिरोरेषेवर काहीतरी आहे, फिकट आणि किंचित डावीकडे सरकलेले. तो खिळ्यातील अनुस्वार असेल, किंवा कागदावरचा डाग. डाग असेल तर तो दोन प्रतींत त्याच जागी सापडणार नाही. त्या अंकाची दुसरी प्रत दुसऱ्या शहरातील एका ग्रंथालयात आहे. ती काढून ठेवण्याविषयी तेथील ग्रंथपालांना मी पत्र लिहिले आहे.