चुकीच्या उत्तराची भीती

वर्गात शिक्षकांनी प्रश्न विचारला की काही हात झटकन वर जातात आणि काही माना खाली जातात. खाली गेलेल्या मानांपैकी कित्येकांना उत्तर ठाऊक असते; पण ‘चुकले तर सारे हसतील’ ही भीती जिभेला कुलूप लावते. हे भय शाळा सुटली तरी मनातून सुटत नाही. प्रौढपणीही माणूस चारचौघांत प्रश्न टाळतो.

या भयाला हसत हसत बाजूला सारणारा एक खेळ इंग्लंडमधील ब्रायटन येथील ‘रिलेंटलेस सॉफ्टवेअर’ या कंपनीने घडवला. ‘बझ! द बिग क्विझ’ हे त्याचे नाव. सामान्य ज्ञानाचा हा व्हिडिओ गेम २००६ साली ‘प्लेस्टेशन २’साठी बाजारात आला. त्याच वर्षी त्याला ‘बाफ्टा’ पुरस्कारही मिळाला.

घरी पाहुणे जमले की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर प्रश्नमंजूषा रंगे. पडद्यावरचा सूत्रसंचालक प्रश्न विचारी आणि प्रत्येकाच्या हाती एक बझर असे. त्यावर एक मोठे तांबडे बटण आणि त्याखाली चार रंगांची चार बटणे. चार पर्यायांना तेच चार रंग. एवढे कळले की आजोबा आणि नातू एका पंगतीत खेळायला बसू शकत. एका फेरीत बरोबर उत्तर देणारा आपल्याकडचा बॉम्ब दुसऱ्याकडे सरकवी. ज्याच्याकडे तो फुटे त्याची फजिती होई आणि सारे घर हसे. त्या हसण्यात तोही सामील असे, कारण पुढचा प्रश्न त्याचीही वाट पाहत असे.

अर्थात, चार पर्यायांतून चटकन एक निवडणे म्हणजे ज्ञान नव्हे. शिवाय ‘सामान्य’ ज्ञान सर्वत्र सारखे नसते. म्हणूनच वेगवेगळ्या देशांसाठी या मालिकेतील प्रश्नही वेगळे करावे लागले. शेतकऱ्याला जे सहज ठाऊक असते, ते शहरातल्या विद्वानाला ठाऊक नसते. मग अडाणी कोणाला म्हणावे?

२००८ साली आलेल्या ‘बझ! क्विझ टीव्ही’मध्ये खेळाडूंना स्वतःचे प्रश्न तयार करण्याची सोय मिळाली. उत्तर देणारा आता प्रश्नकर्ता झाला. शिक्षणातही हाच क्षण मोलाचा असतो. चुकीचे उत्तर हा शिकण्याचा शेवट नसून आरंभ आहे, हे ज्याला उमगले, त्याची मान प्रश्न ऐकून खाली जात नाही.