बॅट घ्यावी संगमची, पण पारखून

श्रीनगर सोडून पहलगामच्या वाटेला लागलेली पर्यटकांची गाडी पहिल्या दीड-दोन तासांत तीनदा तरी थांबते. एकदा पांपोरला केशरासाठी, एकदा अवंतिपुऱ्याला, राजा अवंतिवर्म्याने नवव्या शतकात बांधलेल्या मंदिरांचे भग्न अवशेष पाहण्यासाठी. तिसऱ्यांदा ‘गाडी थांबवा’ हा हुकूम बहुधा मागच्या सीटवरून, घरातल्या सर्वात लहान माणसाकडून येतो. कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाएकी बॅटीच बॅटी दिसू लागतात. दुकानांच्या दारांत, भिंतींना टेकवून, दोरीला टांगून. आणि दुकानांच्या मागे, अंगणात, पत्र्याच्या छपरांवर फिकट लाकडाच्या तुकड्यांचे माणसापेक्षा उंच मनोरे. तुकड्यातुकड्यांत फटी ठेवून ते असे रचलेले असतात की, लांबून पाहणाऱ्याला एखाद्या मुलाने आगपेटीच्या काड्यांचा किल्ला केल्यासारखे वाटावे.

हे संगम. अनंतनाग जिल्ह्यातले, श्रीनगर-जम्मू महामार्गावरचे गाव. विशो आणि रंबियारा या नद्या इथे झेलमला भेटतात, म्हणून हे नाव. पावसाळ्यात साऱ्या काश्मीरचे कान या गावाकडे लागलेले असतात, कारण झेलमचे पाणी किती चढले हे संगमच्या मोजपट्टीवरून कळते. २०१४ च्या सप्टेंबरातल्या महापुरात हे नाव देशभर ऐकू आले होते. एरवी मात्र संगम, शेजारचे हलमुल्ला, चारसू आणि थेट बिजबेहाऱ्यापर्यंतची गावे ओळखली जातात ती बॅटींसाठी. लहानमोठे कित्येक कारखाने या एका पट्ट्यात आहेत.

या पट्ट्याचे मराठी घराशी एक जुने नाते आहे. सचिन तेंडुलकर पाच वर्षांचा असताना त्याची बहीण सविता काश्मीरला सहलीला गेली होती. येताना तिने भावासाठी बॅट आणली. त्याच्या आयुष्यातली ती पहिली बॅट, काश्मिरी विलोची. २०२४ च्या फेब्रुवारीत सचिन सहकुटुंब काश्मीरला गेला, तेव्हा चारसूच्या एका बॅट कारखान्यात आवर्जून थांबला आणि ही आठवण त्याने स्वतःच सांगितली. त्यानंतर इकडे येणाऱ्या मराठी आई-वडिलांना मुलाचा हट्ट मोडणे आणखीच अवघड झाले असेल तर नवल नाही.

प्रश्न एवढाच की, ती बॅट केवढ्याला घ्यावी?

एकाच दुकानात दहा भाव

समजा, सांगलीहून आलेले एक कुटुंब अशा दुकानात शिरले आहे. मुलगा अकरा वर्षांचा. दुकानदार चकचकीत स्टिकर लावलेली बॅट पुढे करतो आणि अठ्ठावीसशे सांगतो. वडील सहलीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत घासाघीस शिकलेले असतात. ते हजारापासून सुरुवात करतात. बाहेर पडतो, पुन्हा बोलावणे येते, कहव्याचा पेला हातात मिळतो आणि चौदाशेला सौदा पटतो. अर्धी किंमत! वडील खूष. पण ती बॅट खरोखर चौदाशेची होती का, हे या साऱ्या नाटकातून कळतच नाही. कदाचित ती सहाशेचीही नसेल. कदाचित बाजूला धूळ खात पडलेली, स्टिकर नसलेली बॅट दोन हजाराला घेतली असती तर ती पाच वर्षे टिकली असती.

साडी घेताना आई पदर उलटा करून पाहते, काठ बोटांत चुरगळते. बॅटचेही तसेच करायचे असते. भाव ठरतो तो लाकडावर, मुठीवर आणि ती बॅट कुठल्या चेंडूसाठी आहे यावर. हे तीन प्रश्न सुटले की घासाघीस उरते ती फक्त शे-दोनशे रुपयांची.

आधी लाकूड. बॅट विलोच्या झाडाची. आपल्याकडे ओढ्या-नद्यांच्या काठी दिसणारा वाळुंज याच कुळातला. काश्मीरमध्ये पाणथळ जमिनीच्या कडेने विलोची रांगच्या रांग दिसते. इंग्लंडच्या विलोचे लाकूड पांढरे, हलके आणि मऊ, म्हणून मोठे फलंदाज तेच वापरतात आणि त्याची किंमतही तशीच असते. काश्मिरी विलो थोडा तपकिरी, थोडा जड आणि अधिक कठीण. गल्लीत, शाळेच्या मैदानावर, क्लबच्या सामन्यांत तो उत्तम चालतो, आणि मारही जास्त सोसतो. त्याला दुय्यम समजण्याचे कारण नाही. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानच्या काही खेळाडूंनी काश्मिरी विलोच्याच बॅटी हातात घेतल्या होत्या.

खरी मेख इथे आहे की, रस्त्याकडेला मिळणारी प्रत्येक बॅट विलोची असतेच असे नाही. काश्मीरमध्ये पॉप्लरही भरपूर. सफरचंदाच्या पेट्या, प्लायवुड यांसाठी त्याची लागवड होते. तो झपाट्याने वाढतो आणि स्वस्त पडतो. पॉप्लरची बॅट दिसायला अगदी गोरीपान, हातात हलकी, आणि मुलांना पहिल्या नजरेत तीच आवडते. रबरी किंवा टेनिसच्या चेंडूला ती ठीक आहे, पण लेदरच्या चेंडूपुढे तिचे पापुद्रे निघायला वेळ लागत नाही. पॉप्लरची बॅट विकण्यात गैर काही नाही. ती विलोची म्हणून आणि विलोच्या भावात विकली गेली की मात्र ती फसवणूक होते.

मग ओळखायचे कसे? बॅटचे तोंड म्हणजे स्टिकरचा भाग सोडून द्यावा आणि तळ पाहावा. विलोवर वरपासून खालपर्यंत सरळ रेघा दिसतात, त्या तळाशीही स्पष्ट असतात. पॉप्लरवर रेघा पुसट, जवळजवळ नसल्यासारख्या, आणि पृष्ठभागावर बारीक कूस असल्याचा भास. संपूर्ण बॅट स्टिकरने किंवा जाड रंगाने मढवलेली असेल तर शंका घ्यावी. स्टिकर लाकडाची गाठ झाकायला फार उपयोगी पडतो. चेंडू जिथे लागायचा त्या मधल्या पट्ट्यात गाठ असेल तर ती बॅट परत ठेवावी. कडेला, वरच्या बाजूला लहानशी गाठ असेल तर बिघडत नाही, उलट त्यासाठी पन्नास-शंभर रुपये कमी करून मागता येतात. आणि काश्मीरच्या रस्त्यावर कोणी दोन-तीन हजारांत ‘इंग्लिश विलो’ देऊ करत असेल तर हसून पुढे जावे.

मूठ, वजन आणि उंची

दुसरी गोष्ट मूठ. चांगल्या बॅटची मूठ वेताच्या पट्ट्या सरसाने चिकटवून, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून केलेली असते. चेंडू लागल्यावरचा हादरा हा वेत पिऊन टाकतो. स्वस्त बॅटची मूठ साध्या लाकडाची असते आणि तिने दोन षटके खेळले की मनगटाला झिणझिण्या येतात. रबरी ग्रिप वरून बोटभर गुंडाळली की आतल्या पट्ट्या दिसतात. दुकानदाराला तसे दाखवायला सांगावे, प्रामाणिक दुकानदार कुरकुर करत नाही. मूठ पात्यात जिथे व्हीच्या आकारात बसवलेली असते, तिथे नखही शिरता कामा नये.

वजनाबद्दल एक गैरसमज फार रुळला आहे, की जड बॅट म्हणजे दणकट बॅट. मोठ्या माणसाची बॅट साधारण अकराशे ते साडेबाराशे ग्रॅमची असली की पुरे. त्याहून फार जड लागली तर बहुधा लाकूड नीट वाळलेले नसते, म्हणजे गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देत असते. बॅट एका हाताने उचलून पाहावी, मग लाकडी हातोडीने किंवा जुन्या चेंडूने मध्यावर दोनचार टोले मारून पाहावेत. मुरलेल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो आणि चेंडू उसळतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द असतो. प्रत्येक दुकानात अशी हातोडी असते.

आणि उंची. मराठी पालक मुलाचे बूट एक नंबर मोठे घेतात, तसे बॅटचेही करतात, ‘पुढच्या वर्षी बसेल’ म्हणून. पैसे वाया घालवायचा याहून सोपा मार्ग नाही. मोठी, जड बॅट हातात आली की मुलाचे खांदे वाकतात, फटके आडवे जातात आणि ती सवय पुढे प्रशिक्षकाला मोडावी लागते. एक ते सहा हे मुलांचे माप, नंतर हॅरो, आणि मग मोठ्यांचे शॉर्ट हँडल. साडेचार फुटांच्या आसपास उंचीच्या मुलाला चार नंबर, पाच फूट ओलांडल्यावर सहा नंबर. मुलाला दुकानात खेळायच्या पवित्र्यात उभे करून पाहावे. तो सरळ उभा राहू शकला तर बॅट त्याची.

आता भाव. कारखान्यागणिक आणि हंगामागणिक फरक पडतो, पण ढोबळमानाने लहान मुलांच्या प्लास्टिक किंवा रबरी चेंडूच्या बॅटी काही शे रुपयांत मिळायला हव्यात. टेनिसच्या चेंडूसाठी काश्मिरी विलोची बॅट हजाराच्या मागेपुढे. लेदरच्या चेंडूची, वेताच्या मुठीची, स्वच्छ रेघांची बॅट साधारण दीड हजारापासून तीन-साडेतीन हजारांपर्यंत. इंग्लिश विलोची सुरुवात बहुतेक दुकानांत पाच-सहा हजारांच्या पुढे होते आणि वर तर पन्नास हजारांनाही ती थांबत नाही. सर्वात सोपा उपाय निघण्याआधीच करता येतो. आपल्या गावच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन त्याच मापाच्या काश्मिरी बॅटचा भाव विचारून ठेवावा. संगममध्ये तीच बॅट त्याहून महाग असेल तर कुठेतरी पाणी मुरते आहे. ते बहुधा वाटाड्याच्या किंवा चालकाच्या कमिशनमध्ये असते. म्हणून गाडी जिथे थांबवली जाते त्याच दुकानात न शिरता चार पावले पुढे चालत जावे, शक्यतो मागच्या अंगणात यंत्र फिरत असेल अशा ठिकाणी.

अंगणातले गणित

त्या अंगणात शिरल्यावर भावाची दुसरी बाजू दिसते. ओंडक्याचे बॅटच्या आकाराचे ओबडधोबड तुकडे पाडतात. त्यांना इथे क्लेफ्ट म्हणतात. मनोरे असतात ते त्यांचे. सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ ते ऊन, वारा, बर्फ खात उभे राहतात. कारखानदाराचे भांडवलही तेवढा काळ तसेच अडकून पडते. मग निवड, रंधा, दाबयंत्र, मूठ बसवणे, घडण, काचपेपर, दोरा गुंडाळणे. हवेत भुसा इतका की कारागिरांच्या भुवयाही पिवळट दिसतात. एकेका हाताला एकेक काम, आणि मजुरी बहुधा नगावर. झाड तोडणीला यायला बारा-पंधरा वर्षे लागलेली असतात, ती वेगळीच.

आणि तरीही नफ्याचा मोठा वाटा बरीच वर्षे इथे राहिला नाही. फाळणीत सियालकोटचे खेळसाहित्याचे कारागीर आणि व्यापारी जालंधर आणि मेरठला आले, आणि ती दोन शहरे या धंद्याची केंद्रे झाली. काश्मीरमधून तिकडे कच्चे क्लेफ्ट आणि बिननावाच्या बॅटी जात राहिल्या, स्टिकर तिकडे लागत राहिले. कच्चा माल बाहेर जाऊ नये म्हणून २००० साली विलो बाहेर नेण्यावर बंदी घालणारा कायदाही जम्मू-काश्मीरमध्ये करण्यात आला. अलीकडे काही तरुण कारखानदार आपल्याच नावाने बॅटी परदेशी पाठवू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण झाडेच कमी होऊ लागली आहेत. विलो तोडला की त्याच्या जागी लवकर पैसे देणारा पॉप्लर लावण्याकडे शेतकऱ्याचा कल, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामजवळ बैसरनच्या पठारावर २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातले पर्यटकही होते. त्यानंतर या रस्त्यावरच्या गाड्या एकदम थांबल्या. रस्त्याकडेच्या दुकानाचे पोट त्या गाड्यांवरच असते. अशा दिवसांत दुकानदार पडेल त्या भावाला माल देतो, आणि गिऱ्हाईकाला वाटते आपण जिंकलो. विलोची, वेताच्या मुठीची बॅट सातशे रुपयांत मागणे हा व्यवहारीपणा नव्हे. पॉप्लरला दोन हजार घेणे जितके वाईट, तितकेच हेही. तळ पाहून, टोला मारून, मूठ उघडून बॅट पसंत पडली की मग दोन-तीनशेसाठी ताणू नये.

पैसे देऊन झाले की पावती घ्यावी आणि तिच्यावर ‘काश्मीर विलो’ असे लिहून मागावे. दुकानदाराची लेखणी थबकली तर अजून वेळ गेलेली नसते. घरी गेल्यावर लेदरच्या चेंडूची बॅट लगेच मैदानात उतरवायची नाही. पात्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, मूठ आणि स्टिकर सोडून, आणि दिवसभर आडवी ठेवायची. मग जुन्या चेंडूने किंवा लाकडी हातोडीने रोज थोडे, असे काही तास हलके ठोके द्यायचे, विशेषतः कडांना. मुलाला हे काम फार कंटाळवाणे वाटते. त्याला आजोबांच्या शेजारी बसवले तर ते होते.

विमानाने परतणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. बॅट हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. श्रीनगरच्या विमानतळावर तपासणीच्या एकापेक्षा जास्त फेऱ्या असतात, तिथे ती काढून घेतली तर मुलाचे रडणे आवरणार नाही. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घालावी, किंवा दुकानातूनच जाड पुठ्ठ्यात बांधून घ्यावी. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे, आणि तिचा मार्ग अनंतनाग, बिजबेहाऱ्यावरूनच जातो. त्या गाडीत बॅट सीटखाली आडवी मावते.