राँग साईड

आम्ही बेळगाव कॅम्पातले मराठी ख्रिस्ती. चर्चला मराठी उपासना, रेव्हरंड टिळकांची गीतं, आणि पप्पा शाळामास्तर.

पप्पांचं एक खूळ होतं. वन-वे मोडायचा नाही. उलट्या बाजूनं चर्च दोन मिनिटांवर, पण आमची स्कूटर मोठा वळसा घालूनच जायची. लोक हसायचे, "मास्तर, पोलीस अजून झोपलेत की!" मी कुरकुरलो की पप्पा म्हणायचे, रोमकरांस पत्र काढ, अध्याय 13. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर भरा, एवढंच मला त्यातलं ठाऊक. वाटायचं, साध्या पाटीला एवढं काय भ्यायचं?

1998 च्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेला उशीर झाला. मी एकटाच होतो, गाडी सरळ उलटी घातली. गल्लीतून पेपर टाकणारा पोरगा सायकलवरून बाहेर आला. गाड्या येतात त्या बाजूला त्यानं नीट बघितलं होतं. मी दुसऱ्या बाजूनं आलो. पेपर रस्ताभर, पोराचं मनगट मोडलेलं.

दवाखान्यात तो मलाच म्हणत होता, "दादा, माझंच चुकलं, मी बघितलं नाही." त्याची आई धावत आली, तिनं आधी मला विचारलं, "तुला लागलं नाही न्हवं बाळा?" आणि मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. आजही लाज वाटते ती याची, धडकेची तेवढी नाही.

मग पप्पा आले. सगळ्यांसमोर एकच विचारलं, "कुठल्या बाजूनं येत होतास?"

सांगितलं. ती बाई काही बोलली नाही. पोरगा माझ्याकडं बघत राहिला.

रात्री पप्पांनी तोच अध्याय उघडला आणि आठव्या वचनावर बोट ठेवलं. तिथून पुढं शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं आहे, प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही असं आहे. "तू सातव्यालाच पुस्तक मिटत होतास," एवढंच म्हणाले.

दवाखान्याचं बिल आम्ही भरलं. पण त्याच्या आईचा प्रश्न वेगळा होता, "पैशाचं असू दे, पोराची लाईन जाईल त्याचं काय?" मग प्लास्टर निघेपर्यंत ती लाईन मी टाकली. वाटेत तोच वन-वे लागायचा. तिथं उतरून सायकल हातात धरून कडेनं चालत जायचो. पेपर उशिरा येतो म्हणून दोन घरांनी तक्रारही केली.