इसब, साबण आणि आक्कांची पुरचुंडी

जैन घरांत साबणाविषयीची शंका जुनी आहे. साबण म्हणजे मुळात तेल अथवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग. ती चरबी कोणाची, हा प्रश्न अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या माणसाला पडल्यावाचून राहत नाही. वेष्टनावर ‘सोडियम टॅलोएट’ असे बारीक अक्षरांत छापलेले असेल, तर तो साबण प्राण्यांच्या चरबीचा. ‘सोडियम पामेट’ किंवा ‘सोडियम कोकोएट’ असेल, तर पामतेलाचा वा खोबरेलाचा. १९८३ साली वनस्पती तुपातील चरबीच्या भेसळीचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा काही घरांनी त्या तुपाबरोबर दुकानातील साबणही उंबऱ्याबाहेर ठेवला. सांगलीच्या हळदपेठेत अडत असलेल्या एका दिगंबर जैन कुटुंबातील आक्का त्यांपैकीच एक.

त्या वेळी त्या नव्याने सासरी आलेल्या होत्या. पुढे त्या स्वतःच साबण करू लागल्या. खोबरेल तेल पेढीवरच्या लहान काट्यावर तोलून घ्यायचे, कॉस्टिक सोड्याचे पाणी परसात उघड्यावर कालवायचे, मिश्रण घट्ट झाले की लाकडी पेटीत ओतायचे, दुसऱ्या दिवशी वड्या कापून सहा आठवडे वाळवायच्या. दिवाळीच्या आधी उटणेही घरचेच: हरभरा डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कापूरकचरी, चंदन. लेकीसुना, जावा, नणंदा, अगदी बेळगावच्या विहीणबाईदेखील हक्काने मागून नेत. आक्कांच्या साबणाला घराण्यात मान होता आणि आक्कांनाही त्याचा, न बोलून दाखवलेला, अभिमान होता.

नात तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत लाल, खरखरीत चट्टे उठले. सहाव्या वर्षापर्यंत ते मानेवर चढले. डॉक्टरांनी नाव सांगितले, इसब. ज्या घरात इसब नाही, त्या घराला तो किरकोळ वाटतो. खाज काय, कोणालाही सुटते. ज्या घरात तो असतो, त्या घराची झोप जाते. सून रात्रभर मुलीची बोटे आपल्या मुठीत धरून पडत असे. हातांत सुती मोजे घातले, तरी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसत. शाळेत शेजारच्या मुलीच्या आईने बाक बदलून मागितला. इसब संसर्गाने पसरत नाही, हे तिला कोण सांगणार?

आणि आंघोळ हा रोजचा कलह होऊन बसला. “आज्जी, झोंबतंय गं,” म्हणून मुलगी न्हाणीघराच्या दाराशीच अडून बसे. आक्कांना ते पटत नसे. ज्यात चरबी नाही, रंग नाही, सुगंध नाही, असा आपल्या हातचा साबण नातीला झोंबेलच कसा?

याचे उत्तर मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने फार सोप्या रीतीने दिले. त्यांनी आक्कांना वडीचा तुकडा आणायला सांगितला, तो पाण्यात विरघळवला आणि त्यात पीएच मोजण्याची कागदी पट्टी बुडवली. पट्टीचा रंग नऊच्या पुढे गेला. “आजी, तुमचा साबण शुद्ध आहे, यात शंका नाही,” ते म्हणाले, “पण शुद्ध म्हणजे सौम्य नव्हे.” निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण साडेचार ते साडेपाच. इसबाच्या रुग्णात हे आम्लाचे कवच आधीच उणे असते. त्यावर क्षारयुक्त साबण लागला की त्वचेतील स्निग्धांश निघून जातो, ओलावा उडतो आणि खाज वाढते.

हे कवच उणे का पडते, याचा एक मोठा धागा २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांच्या हाती लागला. त्वचेत फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन असते. ते वरच्या थरातील पेशींना घट्ट बांधते आणि पुढे त्याचेच विघटन होऊन त्वचेचा नैसर्गिक ओलावा व आम्लता टिकते. त्याच्या जनुकात दोष असला की इसबाचा धोका बराच वाढतो. सगळ्याच रुग्णांत हा दोष सापडतो असे नाही, पण भिंत पडकी आहे आणि रोग तिच्यातून आत येतो, ही कल्पना तेव्हापासून पक्की झाली. मुलीच्या आईने काय खाल्ले, कोणाची दृष्ट लागली, या चर्चा त्यानंतर तरी थांबायला हव्या होत्या. त्या थांबत नाहीत, हा भाग वेगळा.

आक्का हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. साबणात क्षार अधिक असेल, तर लिंबू पिळून तो मारता येईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी तसे करून पाहिले. दूध फाटावे तसा साबणाचा घोळ फाटला. वर तेलकट गोळे तरंगू लागले आणि फेस नाहीसा झाला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दुसरे काही होणे शक्यच नव्हते. साबण हा तेलातील आम्लांचा क्षारच असतो. आम्ल घालून त्याला साडेपाचवर आणले, की तो साबण उरतच नाही. त्यामुळे ‘इसबासाठी घरगुती साबण’ या नावाने जे काही दिले जाते, ते खोबरेलाचे असो वा शेळीच्या दुधाचे, त्याकडे सावधपणेच पाहिले पाहिजे. साबणाच्या गुणवत्तेचा टीएफएम हा आकडाही येथे कामाचा नाही. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असावा लागतो, पण तो स्निग्धाम्लांचे प्रमाण सांगतो, सौम्यपणा नव्हे.

मग उटणे? तेही गेले. यामागचे कारण थोडे अनपेक्षित आहे आणि लहान मुलांच्या घरांनी ते नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. फुटलेल्या त्वचेवर खाण्याचा पदार्थ वारंवार चोळला, तर शरीर त्या पदार्थालाच शत्रू मानू लागण्याचा संभव असतो. ब्रिटनमधील मुलांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंगाला शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लावण्याचा आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा संबंध दिसून आला. म्हणजे हरभऱ्याचे पीठ, दुधाची साय, बदामाची पूड, घाण्याचे शेंगतेल हे सारे निरोगी अंगाला कितीही मानवो, इसबाच्या चट्ट्यावर नको. आंबेहळद, चंदन आणि सुगंधी तेले यांनीही त्वचा चिडू शकते. मारवाडातून आलेल्या घरांत बाळाला मोहरीच्या तेलाने रगडतात. तेही अशा त्वचेला जाचक. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगले, असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात त्याने त्वचेचे कवच दुबळे होत असल्याचेच आढळले. मधाचा प्रश्न जैन घरात उद्भवतच नाही.

हळदीच्या पेढीवर आयुष्य गेलेल्या घरात नातीच्या अंगाला हळद लावायची नाही, हे अण्णांना, म्हणजे आक्कांच्या यजमानांना, पचायला सर्वांत जड गेले.

उरले काय? उरले ओट्स. सुनेने त्यांची माहिती काढली. अगदी बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे. त्यांतील पिष्ट आणि बीटा-ग्लुकान त्वचेवर पातळ, ओलसर थर धरतात, आणि अव्हेनॅन्थ्रामाइड नावाचे घटक दाह व खाज कमी करतात. कृती सोपी आहे. सारे दळण्यावर अवलंबून. साधे, बिनसाखरेचे, बिनवासाचे ओट्स निवडून, मिक्सरच्या कोरड्या भांड्यात पिठासारखे दळावे आणि मलमलीतून चाळावेत. पेलाभर पाण्यात चमचाभर पीठ ढवळून पाहावे. पाणी दुधासारखे झाले आणि तळाशी गाळ बसला नाही, तर दळण जमले. गाळ बसला, तर पुन्हा दळावे.

टबात बसण्याची आपल्याकडे रीत नाही. म्हणून आक्कांनी तीन मोठे चमचे पीठ धुतलेल्या जुन्या मलमलीच्या तुकड्यात बांधून त्याची पुरचुंडी केली. बादलीतील गाळलेल्या कोमट पाण्यात ती पाच मिनिटे सोडायची, मग पिळायची. जे दुधाळ पाणी सुटते, ते तांब्याने सावकाश अंगावर घ्यायचे आणि पुरचुंडीच चट्ट्यांवर अलगद टेकवायची, घासायची नाही. पाणी कोपराला जेमतेम उबदार लागावे. गरम पाण्याने क्षणभर बरे वाटते आणि तासाभराने खाज दुप्पट होते. दहा मिनिटांच्या वर आंघोळ नको. फरशी निसरडी होते, म्हणून मुलाला एकटे सोडू नये.

ओट्सही खाण्याचाच पदार्थ आहे, मग वरची अडचण त्याला लागू नाही का? लागू आहे. इसबाच्या काही मुलांत ओट्सची ॲलर्जी आढळलेली आहे. म्हणून आधी हाताच्या आतल्या, निरोगी जागी थोडे लावून दोन दिवस पाहावे, आणि चट्टे फुटून स्रवत असताना डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. आक्कांच्या एका भाचीच्या बाळाला पहिल्याच दिवशी लालसर पुरळ आला. तिने ते तेथेच थांबवले, हे उत्तम केले.

साठवणीचा प्रश्न मात्र आक्कांनी कोणालाही न विचारता सोडवला. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा ठरलेली असते: थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. ओट्सच्या पिठालाही त्यांनी हीच मर्यादा लावली. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू आधीच मोठ्या संख्येने वसलेले असतात. तेथे बुरसटलेले, ओलावा धरलेले पीठ नेणे म्हणजे संकटाला बोलावणे. याच कारणाने पाणी घालून केलेले घरगुती लोशन या घरात निषिद्ध ठरले. पाणी आले की परिरक्षक हवा, नाहीतर चार दिवसांत त्यात जंतू वाढतात, डोळ्यांना दिसोत वा न दिसोत.

आंघोळीनंतर अंग टिपायचे आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, वरून स्निग्ध थर द्यायचा. बाजारातील काही मलमांत लॅनोलिन असते, ते मेंढीच्या लोकरीचे. काहींत मधमाश्यांचे मेण. आक्कांनी चार भाग खोबरेल आणि एक भाग कोकमतेल घेतले. कोकणात टाचांच्या भेगांना लावतात, तेच हे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल. दोन्ही एका वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, विरघळले की कोरड्या काचेच्या बरणीत ओतायचे. पाण्याचा अंश नाही, म्हणून ते टिकते. फक्त बरणीत ओले बोट घालायचे नाही. खोबरेलाविषयी फिलिपाइन्समधील लहान मुलांवरची २०१४ सालची एक चाचणी आहे. तीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरले. कोकमतेल केवळ घट्टपणासाठी, त्याला औषध समजू नये. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांना साधी पेट्रोलियम जेली पुरते. ती खनिजाची असते, प्राण्याची नव्हे. एक काळजी मात्र घ्यावी: असे तेल मुरलेले कपडे लवकर पेट घेतात. आरतीच्या वेळी, निरांजनाजवळ, मुलीला सांभाळावे.

अंग स्वच्छ करायला काय, तर सुनेने साबणविरहित वडी निवडली. तिच्यातील स्टिअरिक आम्ल वनस्पतीचे की प्राण्याचे, हे विचारणारी पत्रे तिने दोन उत्पादकांना पाठवली. एकाने लेखी उत्तर दिले, दुसऱ्याने दिले नाही. उत्तर आले, ती वडी घरात आली.

या साऱ्याचे मोल किती, याविषयी भ्रम नसावा. ब्रिटनमध्ये ४८३ मुलांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आंघोळीच्या पाण्यात स्निग्ध द्रव मिसळल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा काही विशेष अधिक लाभ दिसला नाही. ती चाचणी ओट्सची नव्हती, तरी तिचा इशारा स्पष्ट आहे: पाण्यात काय घातले यापेक्षा, साबण टाळला का आणि नंतर अंगाला काय लावले, हे महत्त्वाचे. चट्टे भडकले की डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टेरॉइड मलमही लावावेच लागते. आक्कांनी सुरुवातीला ती नळी कपाटात दडवली होती. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकाएवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, असे मापून दाखवल्यावर त्यांची भीती कमी झाली. पिवळी खपली, पू, ताप किंवा दुखऱ्या फोडांचे पुंजके दिसले, तर पुरचुंडी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही ठरले.

मागणी वाढली, तेव्हा अण्णांमधला व्यापारी जागा झाला. पाकिटे करावीत, वर ‘इसबावर गुणकारी’ असे छापावे, पेढीतूनच जावीत. धाकट्या मुलाने कायदा पुढे ठेवला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. विक्रीसाठी प्रसाधन बनवायचे तर परवाना लागतो, आणि रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू औषध ठरते. अण्णा परवान्याच्या खर्चाचा हिशेब मांडू लागले. आक्का म्हणाल्या, “परवाना मिळेल हो. पण कुणाच्या लेकराला ते झोंबलं, तर पैसे परत देऊन भागंल का?” अण्णांनी वही मिटली. आता मागणाऱ्याला कृती सांगितली जाते, मलमलीचा तुकडा दिला जातो, आणि आधी डॉक्टरांकडे जाऊन या, असे बजावले जाते. मोठ्यांसाठी साबणाची पेटी अजून वर्षातून दोनदा भरते.

मुलगी बरी झाली आहे, असे म्हणता येत नाही. थंडी पडली की कोपरांची लवण अजून लाल होते. पण रात्री ती झोपते, आणि तिची आईही झोपते. बरणीवर दळणाची तारीख घालण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. पावसाळ्यात ते तिसऱ्या-तिसऱ्या दिवशी करावे लागते, आणि आक्का पोथी वाचत बसल्या असल्या, तरी ती पेन्सील घेऊन समोर उभी राहते: “आज्जी, तीन दिवस झाले. दळायचं नाही का?”