प्रवरेच्या कांठचें नेवासें

आमच्या राळेगणसिद्धीला सांगण्यासारखी नदी नाहीं. पारनेर तालुका म्हणजे दोन खोऱ्यांच्या मधला उंचवटा; त्याच्या उत्तर अंगाचें पाणी मुळेला व तिच्यावाटे पुढें गोदावरीला मिळतें, आणि दक्षिण अंगाचें कुकडी-घोडींतून भीमेकडे जातें. सह्याद्रीनें ढग अडवून घेतल्यावर जो पाऊस उरतो त्यावर आमचा निर्वाह. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें गांवानें नालाबांध, पाझर तलाव यांच्या योगें तें पाणी अडविलें व विहिरींना पाणी लागलें, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. ती येथें उगाळीत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, अशा गांवीं जन्मलेल्या माणसास नदीकांठच्या गांवांविषयीं मोठें कुतूहल असतें, आणि खरें सांगावयाचें तर थोडा मत्सरहि असतो.

मॅट्रिक झाल्यावर मी शाळाखात्यांत शिरलों व ३४ वर्षें मुलांना भूगोल शिकविला. संस्कृत मला वडिलांकडून मिळालेलें; अमरकोश आणि रघुवंशाचे कांहीं सर्ग एवढीच शिदोरी. ऱ्हाईन, डॅन्यूब, व्होल्गा यांचीं उगमस्थानें व मुखें मुलें माझ्यासमोर घडाघडा म्हणत, आणि मी छडी टेबलावर ठेवून समाधान पावत असें. आपल्या जिल्ह्यांतील प्रवरेला मात्र माझ्या शिकवण्यांत चार वाक्यें मिळत: रतनगडावर उगम, भंडारदऱ्यास धरण, कांठीं संगमनेर व नेवासें, टोक्याजवळ गोदावरीशीं संगम.

एके दिवशीं सातवींतल्या एका मुलानें हात वर केला. त्याच्या घरीं वडील ज्ञानेश्वरी वाचीत असत. तो म्हणाला, “गुरुजी, ग्रंथाच्या शेवटीं माउली गोदावरीचा दक्षिण तीर सांगतात, आणि तुम्ही नेवासें प्रवरेवर आहे असें सांगतां. मग खरें कोणतें?” मला उत्तर येत नव्हतें. ‘उद्यां पाहून सांगतों’ एवढें म्हटलें असतें तर काम भागलें असतें. पण वर्ग माझ्याकडे पाहत होता. “माउलींच्या बोलण्याला फांटे फोडतोस काय?” असें म्हणून मीं त्यास तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. मुलें हंसलीं. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत त्यानें हात वर केला नाहीं, आणि पुढल्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. घरची ओढगस्त होती, कारण तेंच असेल. तरी मला अधूनमधून तो बाक आठवे.

ही जुनी गोष्ट पुनः वर येण्यास कारण झालें तें माझ्या पुतण्याचें पत्र. तो भूगर्भशास्त्राच्या अभ्यासासाठीं जर्मनींतील ट्युबिंगेन नांवाच्या गांवीं गेला आहे. हल्लींची पत्रें पोस्टानें येत नाहींत, दूरध्वनीच्या पडद्यावर उमटतात. पण मुलानें लिहिण्याची संवय ठेवली आहे हेंच पुष्कळ. त्याच्या काकूनें ‘तेथें वरणभात मिळतो का’ हा प्रश्न प्रथम निकालांत काढला आणि मग पत्र माझ्या हातीं आलें.

ट्युबिंगेन नेकार नदीवर आहे. ही नदी श्वेनिंगेनजवळच्या दलदलींत उगम पावते व सुमारे ३६० किलोमीटर वाहून मानहाइम येथें ऱ्हाईनला मिळते. म्हणजे ऱ्हाईन ही त्यांची गोदावरी, आणि नेकार ही प्रवरा. एका टेकडीवर किल्ला, शेजारीं दुसरी टेकडी, दोहोंमधल्या खिंडीसारख्या जागेंत जुनें गांव. दक्षिणेस नेकार, उत्तरेस आमर नांवाचा लहानसा ओढा. गांव लहान, पण १४७७ सालीं तेथें विद्यापीठ स्थापन झालें व तें आजतागायत चालू आहे. केप्लर हा ज्योतिषी तेथलाच विद्यार्थी. आम्हां संस्कृतवाल्यांना जवळचें नांव म्हणजे रुडॉल्फ रोट यांचें. त्यांनीं व बोट्लिंक यांनीं मिळून केलेला सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत बाहेर पडला, आणि त्यांतील वैदिक शब्दांचा भार रोट यांनीं याच नदीकांठीं बसून उचलला. काश्मीरांतून आलेली अथर्ववेदाची भूर्जपत्रावरील पोथी अद्याप तेथल्या ग्रंथालयांत आहे. १८५९ ते १८६६ पर्यंत पुण्याच्या कॉलेजांत संस्कृतचे प्रमुख असलेले मार्टिन हौग हेहि ट्युबिंगेनलाच शिकलेले.

हें सर्व मोठ्या उत्साहानें लिहून पुतण्यानें शेवटीं लिहिलें होतें: “काका, येथें मला एक इंग्रजी पुस्तक सांपडलें. नेवाशाच्या उत्खननाचा अहवाल, पुणें, १९६०. लेखकांमध्यें सांकलिया, देव व अन्सारी यांच्या जोडीस येथल्या विद्यापीठांतील एका बाईंचें नांव आहे. तुम्ही तर नेवाशापासून शंभर किलोमीटरवर राहतां. तें गांव कसें आहे?”

मोहिनीराज हें आमचें कुलदैवत. पण मी नेवाशास गेलों होतों तो आईच्या कडेवर. त्यानंतर काशी झाली, रामेश्वर झालें, नेवासें राहिलें. मार्गशीर्षांत धाकट्या भावाला बरोबर घेऊन निघालों. सुप्याहून नगर (आतां अहिल्यानगर), तेथून संभाजीनगरच्या रस्त्यानें घोडेगांव, आणि नेवासे फांट्यावरून आंत.

गांव नदीच्या दोन्ही तीरांवर आहे. दक्षिणेकडील नेवासें खुर्द, पलीकडचें बुद्रुक. प्रवरेला येथें अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनानंतर चोरून अमृत प्यालेल्या राहूचें शिर मोहिनीरूप विष्णूनें उडविलें, तें राहुरीस पडलें आणि सांडलेल्या अमृताची ही नदी झाली, अशी कथा. मोहिनीराजाचें सध्यांचें देऊळ पेशवाईंतलें, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनीं बांधविलेलें. दगडी काम सुबक आहे. आम्हीं अभिषेक केला. दक्षिणेवरून भावाची व पुजाऱ्यांची किंचित् बाचाबाची झाली, ती असो.

पैस खांब गांवाच्या पश्चिमेस आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनीं गीतेवरील टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती उतरून घेतली असें परंपरा मानते. ट्युबिंगेनचें विद्यापीठ तेव्हां व्हावयाचें होतें, त्यास अजून १८७ वर्षें अवकाश होता. सांगणारा मुलगा पुरतें मिसरूड न फुटलेला, आणि संन्याशाचीं पोरें म्हणून आपल्याच ज्ञातीनें त्या भावंडांना शुद्धिपत्रासाठीं पैठणापर्यंत पायपीट करावयास लावलेली. हें वाचणाऱ्या आपल्या मंडळींनीं तें विसरूं नये. मूळचें देऊळ गेलें, खांब राहिला. त्याच्याभोंवतीं आतां नवें मंदिर आहे. खांबावर संस्कृत लेख कोरलेला आहे. कांहीं वेदान्तपर वचन असेल अशी माझी समजूत होती. अक्षरें मला नीट लागलीं नाहींत, पण विद्वानांनीं वाचून ठेवलेला अर्थ असा कीं, करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठीं हें दान आहे. दिव्याच्या तेलाचा हिशेब! मला तो कोणत्याहि वेदान्तवचनापेक्षां अधिक आवडला.

तेथून लाडमोड नांवाच्या टेकाडाकडे गेलों. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनीं १९५४ ते ५६ या काळांत हें खणलें व पुढेंहि एकदां खणलें. प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांत आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या. त्यानंतरच्या काळांतलीं लहान दगडी हत्यारें येथें इतकीं स्पष्ट सांपडलीं कीं, त्या हत्यारांच्या परंपरेलाच सांकलियांनीं ‘नेवासियन’ असें नांव दिलें. वरच्या थरांत सुमारें तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वींचे तांबें वापरणारे शेतकरी. त्यांचीं रंगीत भांडीं याच प्रवरेवरील जोर्वे गांवाच्या नांवानें ओळखलीं जातात. त्याच्याहि वर सातवाहनांचा काळ, आणि रोमकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे. मग या टेकाडावर कित्येक शतकें वस्तीच नाहीं. म्हणजे ज्ञानदेवांच्या वेळचें गांव या टेकाडावर नव्हतें.

त्या शेतकऱ्यांचीं लहान मुलें गेलीं कीं, तीं त्यांस गांवाबाहेर नेत नसत. दोन मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत बाळाला ठेवीत व राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत. एका बाळाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांच्या आंत रेशमाचा धागा टिकून राहिला होता. आमचें पहिलें मूल दहा महिन्यांचें होऊन गेलें. सौभाग्यवतीला ही मडक्यांची गोष्ट मीं घरीं आल्यावर सांगितली, ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं, मग म्हणाली, “जवळ ठेवीत होते तर.”

अहवालाशीं नांव जोडलेल्या त्या ट्युबिंगेनच्या बाई म्हणजे सोफी एर्हार्ट, मानववंशशास्त्रज्ञ. पुतण्यानें त्यांच्याविषयीं चौकशी केली तेव्हां जें निघालें तें येथें गाळणें मला बरें वाटत नाहीं. १९३८ पासून कांहीं वर्षें त्या नाझी राजवटीच्या एका वंशशास्त्रीय संशोधन-केंद्रांत होत्या. तेथें रोमा व सिंटी लोकांचीं, म्हणजे ज्यांचे पूर्वज हिंदुस्थानांतूनच तिकडे गेले त्यांचीं, मोजमापें घेऊन याद्या होत, आणि अशा याद्यांतले हजारों लोक छळछावण्यांत मेले. ते कागद पुष्कळ वर्षें ट्युबिंगेनलाच पडून होते. १९८१ मध्यें रोमा-सिंटी लोकांनीं तेथें ठाण मांडून ते बाहेर काढविले. केप्लर आणि रोट यांचें गांव तेंच, आणि हेंहि तेथेंच. पुतण्यानें लिहिलें, “काका, नदी फार सुंदर आहे, पण आतां पुलावर उभें राहिल्यावर हेंहि आठवतें.” मुलगा शहाणा आहे.

दुसऱ्या दिवशीं प्रवरासंगमास गेलों. टोक्याचें सिद्धेश्वराचें देऊळ पाहिलें. पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा येथपर्यंत येतो, म्हणून दोन नद्यांची रेघ ओळखूं येत नाहीं. सारें एकच पसरट पाणी. घाटावर बसून मीं नकाशा उघडला. प्रवरा गोदावरीला दक्षिणेकडून मिळते. नेवासें खुर्द प्रवरेच्याहि दक्षिणेस आहे. तेव्हां गोदावरीच्या दक्षिणेस तें आहेच. शिवाय ग्रंथांत एका वाड्याचा किंवा घाटाचा पत्ता दिलेला नाहीं. महालयेचें पांच कोसांचें क्षेत्र सांगितलें आहे, आणि संगम तेवढ्या अंतरांत सहज बसतो. महालया म्हणजेच मोहिनीराज अथवा म्हाळसा असें मानतात. प्रवरेवरचें गांव गोदेच्या दक्षिण तीराचें म्हणण्यांत विरोध कोठें आला? मुलाचा प्रश्न उत्तम होता, आणि उत्तर जिल्ह्याच्या नकाशांत होतें. तो नकाशा त्या दिवशीं माझ्या पाठीमागें भिंतीवर टांगलेला होता.

परततांना सुप्यास उतरलों. त्या मुलाचें तेथें लोखंडी सामानाचें दुकान आहे हें ठाऊक होतें. दारावरून अनेकदां गेलों होतों, आंत गेलों नव्हतों. आतां त्याचे केस पिकले आहेत. त्यानें उठून नमस्कार केला, खुर्ची पुसली, चहा मागविला. मीं विषय काढला. तो हंसला. “बाकावर उभें केलें होतेंत तें आठवतें, गुरुजी,” तो म्हणाला, “प्रश्न काय होता तें मात्र आठवत नाहीं.”

मीं प्रश्न सांगितला. त्यानें बिलाच्या पुस्तकांतला एक कागद फाडून पेनासह माझ्यापुढें ठेवला. मीं आधीं गोदावरी काढली, मग खालून येणारी प्रवरा, आणि तिच्या अलीकडे एक ठिपका. तो वाकून पाहत होता. “आणि मुळा कोठें मिळते?” त्यानें विचारलें. तीहि काढून दाखविली.