सिमला ऑफिसपेक्षा दुप्पट पाऊस

“ताई, तिघांची तीन खोकी मागवू, की एकात भागेल?” फोनवर हा प्रश्न आला की पलीकडची आई रात्री दोनपर्यंत जागून याद्या करत बसली होती, हे मी ओळखते. चौदा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर गेली बारा वर्षं मी घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना अभ्यासक्रम निवडायला मदत करते आहे. खोकं म्हणजे परदेशातून येणारा वर्षभराचा तयार संच. त्यात पुस्तकं, कार्यपुस्तिका आणि कुठल्या दिवशी कुठलं पान घ्यायचं ते सांगणारी पालकांची वही असते.

सुरुवातीला मीही खोकीच सुचवायचे. पहिल्याच घरात दोन मुलं होती, एक दुसरीच्या वयाचा आणि एक पाचवीच्या. दोन खोकी आली. सकाळी नऊला एकाला इजिप्तचे पिरॅमिड, दुसऱ्याला बी कसं रुजतं, मध्ये आई आणि मागे कुकर. पैशांच्या गणितात डाइम आणि निकेल, मापात इंच आणि पौंड. ऋतूंच्या धड्यात बर्फाचा माणूस होता, पावसाळ्याचा पत्ता नव्हता. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही खोकी माळ्यावर गेली. त्यात संचाचा दोष थोडा, माझा जास्त. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत दोन गुरुजी चार इयत्ता कशा सांभाळतात ते मी जवळून पाहिलेलं होतं. एका वर्गाला लेखी काम द्यायचं, दुसऱ्याला शिकवायचं, आणि परिसर अभ्यासाला सगळ्यांना एकत्र बाहेर काढायचं. हे माहीत असून मी त्या बाईंना एकटीनं दोन वेगळ्या शाळा चालवायला लावल्या.

आता मी आधी विषयांची वाटणी करते. काही विषय जिन्याचे, काही अंगणाचे. गणित आणि वाचन-लेखन जिन्याचे. तिथे प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर उभं असतं आणि एक पायरी गाळली की पुढे पाय घसरतो. नऊ वर्षांची मुलगी भागाकारात अडली असेल तर तिला तिसरीचं पुस्तक द्यावं, लाज कसली? बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, त्यामुळे इयत्ता बदलायला खर्च नाही. याच बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ दिलं, तेव्हा केवढी टिंगल झाली होती. मला ते पटलं होतं. ‘बासष्ट’ ऐकून २६ लिहिणारी मुलं ज्यांनी रोज पाहिली आहेत, त्यांना पटावंच.

इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला मात्र अंगणातली. तिथे तीन वयांना तीन पुस्तकं लागत नाहीत. कोथरूडच्या एका घरात तेरा, नऊ आणि पाच वर्षांची तीन भावंडं होती. जुलैत मी त्यांना सरळ उभ्या बाजूंची एक बाटली, नरसाळं आणि पट्टी घेऊन गच्चीवर पाठवलं. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, कारण वेधशाळाही तेव्हाच मोजते. धाकट्याकडे बाटली रिकामी करणं आणि कॅलेंडरवर पावसाचे थेंब रंगवणं. मधलीकडे आलेख. थोरल्याकडे गच्चीवर पडलेल्या पाण्याचा हिशोब: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी.

चौथ्या दिवशी मधलीचा फोन आला. “मावशी, सिमला ऑफिसचा आकडा एकतीस आणि आमचा त्रेसष्ट!” शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुण्यात अजून सिमला ऑफिसच म्हणतात. कोथरूडला पाऊस जास्तच पडतो, असं आजोबांनी जाहीर करून टाकलं. पण चारही दिवस आकडा दुपटीच्या आसपासच येत होता. थोरल्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग पट्टी घेतली. नरसाळ्याचं तोंड दहा सेंटिमीटर, बाटली सात. पाऊस गोळा करणारं तोंड मोठं, साठवणारी बाटली अरुंद. शंभर भागिले एकोणपन्नास, म्हणजे दोनला किंचित जास्त. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र त्यानं त्याआधी चार महिने पाठ म्हणून दाखवलं होतं. व्यासाचा वर्ग का करायचा, ते त्याला त्या दिवशी उमगलं. आकडा दुरुस्त करून त्यानं हिशोब केला: साठ चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात १,८६० लिटर पाणी.

एवढं सांगितलं की पालक विचारतात, मग परीक्षेचं काय? ती काळजी फक्त थोरल्यापुरती करावी, पण वेळेत करावी. राज्य मंडळाच्या सतरा नंबरच्या फॉर्मनं दहावीला बसता येतं, मात्र त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. कधीच शाळेत न गेलेलं मूल तिथेच अडतं. अशांसाठी मी बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस सुचवते. दहावीसाठी वय चौदा पूर्ण हवं, विषय पाच, आणि पाच वर्षांत नऊ संधी. वर्षातून दोनदा परीक्षा होत असल्यानं दोन-दोन विषयही काढता येतात. केंब्रिजची परीक्षा खासगी उमेदवार म्हणून देता येते, पण खर्च ऐकून निम्मी घरं मागे फिरतात. मार्ग कुठलाही घ्या, तेराव्या वर्षी ठरवा. पाच वर्षांच्या मुलाच्या दहावीची चर्चा माझ्यासमोर कुणी काढली तर मी चहा मागते.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. इंग्रजी संच घेतलेल्या घरांतून मराठी वाचन पहिल्या वर्षीच गळतं. आजीशी बोलतात की, एवढ्यावर आई समाधान मानते. त्यांना मी ‘किशोर’चे जुने अंक उघडायला लावते. १९७१ पासूनचं हे मासिक, आणि जुने अंक संगणकावर वाचता येतात. थोरल्यानं मोठ्यानं वाचायचं, मधलीनं दुसऱ्या दिवशी ती गोष्ट सांगायची, धाकट्यानं चित्र काढायचं. या विषयाला खोकं नाही आणि वेळापत्रकही नाही. रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं पुरतात.

तेव्हा जूनमध्ये वर्षभराचं सामान विकत घेऊ नका. एक गणिताचं पुस्तक प्रत्येकाला, गोष्टींची पुस्तकं सगळ्यांत मिळून, आणि एक बाटली, एवढ्यावर दिवाळीपर्यंत सहज चालतं. पुढची खरेदी त्यानंतर करा. तोवर यादीतली निम्मी नावं तुम्ही स्वतःच खोडलेली असतील.