टोकियोचा पहिला दिवस

स्वतःविषयी लिहिताना ‘आम्ही’ म्हणण्याची आमची सवय जुनी आहे, आणि आजवर ती खोटीही नव्हती. पुण्याच्या सदाशिव पेठेतील ज्या वाड्यात आमचा जन्म झाला, त्याच वाड्यात आम्ही तिघे भाऊ आपापल्या मुलानातवंडांसह राहतो. दोन्ही वेळा तेरा पाने मांडली जातात. अशा घरात ‘मी’ म्हणण्याचा प्रसंग सहसा येत नाही. वयाची चौसष्ट वर्षे उलटेपर्यंत आम्ही एकटे कधी जेवलो नव्हतो, मग परदेशी जाण्याची गोष्ट दूरच. गेल्या नोव्हेंबरात मात्र हे ‘आम्ही’ मुंबईच्या विमानतळावर एकटेच उभे राहिले. त्यांचे पुढे काय झाले तेच येथे सांगावयाचे आहे.

एकटे का, हे आधी सांगितले पाहिजे. पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविताना होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू ही नावे आम्ही इतक्या वेळा फळ्यावर लिहिली की, तो देश एकदा डोळ्यांनी पाहावा ही इच्छा केव्हापासूनची होती. तिकिटे दोन काढावयाची, असे ठरले होते. परंतु सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नेमकी पुढे ढकलली गेली. “अहो, तुम्ही जाऊन या. उठल्यावर चहा कोण देते, तेही एकदा कळेल,” असे म्हणून तिने मेतकुटाची डबी आमच्या पिशवीत घातली.

दुसरे कारण सांगण्यास थोडा संकोच वाटतो. आमचा वाडा पाडून तेथे इमारत उभी राहावयाची आहे. तिघां भावांस तीन मजल्यांवर तीन घरे मिळतील. खोल्यांची आणि मोटारींच्या जागेची वाटणी एका बैठकीत झाली. अडले ते गणपतीपाशी. भाद्रपदातला आमचा गणपती आजोबांच्या वेळेपासून माजघरात बसतो. यापुढे तो कोणत्या मजल्यावर बसणार? मधल्या भावाचे म्हणणे, थोरल्याकडेच बसला पाहिजे. हे ऐकून धाकटी भावजय काही बोलली नाही, पण गेली बावीस वर्षे उकडीचे मोदक तीच करीत आली आहे, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. अखेर ‘दादा म्हणतील तसे’ म्हणून सगळे मोकळे झाले. आणि दादांनी, म्हणजे आम्ही, विमानात पाऊल ठेवले. आम्ही पळ काढला असे सौ. म्हणते. तिचे म्हणणे खोडून काढण्याजोगा पुरावा आमच्यापाशी नाही.

मुंबई ते टोकियो हे अंतर सुमारे पावणेसात हजार किलोमीटर. रात्री आठाच्या सुमारास विमान सुटते आणि सकाळी आठाच्या सुमारास टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर उतरते. घड्याळात हे बारा तास दिसतात, पण जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असल्यामुळे प्रवास खरा आठ-साडेआठ तासांचाच. उरलेली रात्र वाटेत कुठेतरी गळून पडते. ती परतीच्या प्रवासात मिळते असे म्हणतात. पण झोपेचे नुकसान असे हिशेबाने भरून निघत नाही.

समोरच्या पडद्यावर आमचे चिमुकले विमान नकाशावरून सरकत होते. बंगालचा उपसागर ओलांडला, ब्रह्मदेश आला, पुढे दक्षिण चीन. बाहेर अकरा किलोमीटर उंचीवरची, शून्याखाली पन्नास अंशांची थंडी. आत हवेचा दाब इतका विरळ ठेवलेला की, बसल्या जागी आपण महाबळेश्वराहूनही उंच डोंगरावर असतो. हवा कोरडी, ओठ सुकलेले. अपरात्री केव्हातरी जाग आली आणि सवयीने आम्ही डावीकडे वळून “पाणी दे ग,” असे म्हणालो. डावीकडे खिडकी होती. उजवीकडचे गृहस्थ डोळ्यांवर पट्टी बांधून घोरत होते. आमच्या बोलण्याला उत्तर आले नाही, असे आमच्या आयुष्यात क्वचितच घडले असेल.

मग झोप आली नाही. वैमानिकाने पाठीवर जोराचा वारा असल्याचे सांगितले होते, त्याचा विचार करीत बसलो. हाच वारा समोरून येत असल्यामुळे परतीच्या प्रवासास दीड-दोन तास अधिक लागतात. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी ही वाऱ्याची नदी जपानवर हिवाळ्यात फार वेगवान असते. ती प्रथम नीट मोजली ती वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. टोकियोच्या ईशान्येस तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून त्याने ही मोजमापे केली व १९२६ साली प्रसिद्धही केली. परंतु ती लिहिली एस्पेरांतो भाषेत. साऱ्या जगास वाचता यावे म्हणून त्याने जगाची भाषा निवडली, आणि जगाने ते वाचलेच नाही! पुढे १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची अवजड बाँबफेकी विमाने टोकियोवर आली, तेव्हा याच वाऱ्याने त्यांचे नेम चुकविले. उंचावरून नेम साधत नाही, असे दिसल्यावर मार्च १९४५ मध्ये ती रात्रीच्या वेळी खालून उडत आली आणि लाकडी घरांवर आगीचे बाँब टाकून गेली. डावपेच बदलण्यास इतरही कारणे होती. पण वारा हे त्यांतील एक. ज्याच्या खांद्यावर बसून आपण सुखाने निघालो आहो तो वारा असा इतिहासातून आलेला आहे, हे लक्षात येऊन आम्ही खिडकीची झडप जरा वर केली. उजाडत होते. थोड्या वेळाने डाव्या हातास फुजी दिसला, ढगांच्या वर, पांढरा, एकटा. फळ्यावर आम्ही तो नेहमी फारच उभट काढीत असू.

नारितास बोटांचे ठसे व छायाचित्र देऊन बाहेर पडलो. शहर तेथून साठ किलोमीटर. आसाकुसा या जुन्या भागात आमची खोली ठरलेली होती आणि तेथवर आगगाडी बदलावी लागत नाही, हे पुतण्याने कागदावर लिहून दिले होते. गाडीत माणसे भरपूर, पण आवाज नाही. पुणे-मुंबई प्रवासात एव्हाना आम्हांस चार जणांच्या मुलांची लग्ने आणि दोघांचे मधुमेह कळले असते. येथे तासभरात आमच्याशी बोलले ते एक लहान मूल, आणि तेही आमच्याकडे पाहून नुसते हसले. अपमान वाटला असे नाही. परंतु आपण तेथे आहोत की नाही, अशी शंका येऊ लागली.

खोली दुपारी तीनपूर्वी मिळणार नव्हती. सामान तेथेच ठेवून आम्ही सेन्सोजीच्या देवळाकडे निघालो. ६२८ साली सुमिदा नदीत दोघां कोळी बंधूंच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती सापडली, अशी त्याची कथा आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या आणि कान्हेरीच्या लेण्यांतून निघून तो येथवर पोहोचला आणि वाटेत त्याने स्त्रीचे रूपही घेतले. महाद्वारात वायुदेव व मेघगर्जनेचा देव उभे आहेत आणि मधोमध तांबडा प्रचंड आकाशकंदील. पुढे अडीचशे मीटर दुतर्फा दुकाने. तेथे फुलविलेल्या तांदळाच्या वड्या पाकात घालून विकतात; चव घेतली तर थेट आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवाची बहीण.

देऊळ पाहताना आमच्या मनात वाडाच होता, हे कबूल केले पाहिजे. १९२३ च्या भूकंपातून हे मुख्य मंदिर वाचले. १० मार्च १९४५ च्या पहाटेपर्यंत चाललेल्या त्या आगीत जळाले. त्या एका रात्रीत शहरात सुमारे एक लाख माणसे मेली. आजचे मंदिर १९५८ सालचे, सिमेंट काँक्रीटचे. वरची कौले तर २०१० साली टायटॅनियम धातूची बसविली. जुन्यातले तेथे काय उरले म्हणावे? आवारात होरपळलेल्या खोडांची गिंको झाडे आहेत. त्यांस त्या दिवशी पिवळी पाने होती. आणि गाभाऱ्यातील मूर्ती कोणासही दाखवीत नाहीत. शेकडो माणसे धुपाचा धूर अंगावर घेत होती, हात जोडत होती. काँक्रीटच्या भिंतीपलीकडच्या, न दिसणाऱ्या देवास ती काय मागत होती ते आम्हांस कळले नाही; पण त्यांची तक्रार काही दिसली नाही.

तेथून नदीच्या बाजूने दहा-बारा मिनिटे चालले म्हणजे एक टेकाड लागते. त्यावर सेन्सोजीच्याच परिवारातले मात्सुचियामा शोदेन हे लहान देऊळ आहे. आम्ही तेथे मुद्दाम गेलो होतो, कारण तेथील देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती! भारतातून चीनमार्गे मंत्रयानी बौद्ध आचार्यांबरोबर तो नवव्या शतकात जपानात आला. गजमुख असलेल्या दोन मूर्ती परस्परांस आलिंगन देऊन उभ्या, असे त्याचे रूप, तेही पडद्याआड. ज्याच्या प्रश्नापासून पळालो, त्याच्याच दारात आम्ही पावणेसात हजार किलोमीटर येऊन उभे राहिलो होतो.

या गणपतीस नैवेद्य मुळ्याचा. पायऱ्यांजवळ, कठड्यावर, दिव्यांवर, जेथे पाहावे तेथे जोडमुळा आणि पैशांची चंची कोरलेली. मुळा आरोग्याचा व घरातील जोडप्याच्या सलोख्याचा, चंची व्यापारातील बरकतीची. वाचकांपैकी कोणास हसू येईल, परंतु आपल्याकडील प्राचीन गणेशमूर्तींच्या हातातही मुळा आढळतो. मोदकाने पुढे त्यास मागे सारले; येथे मात्र तो टिकला. मोदकही अगदी गेला नाही बरे का. तिळाच्या तेलात तळलेले, पुरचुंडीसारखे बांधलेले एक पक्वान्न या देवासाठी जपानात आजही करतात.

आम्ही मनगटाएवढा जाड पांढरा मुळा विकत घेऊन देवापुढे ठेवला. परतताना तेथील बाईंनी देवास वाहून झालेल्या मुळ्यांपैकी एक पिशवीत घालून आमच्या हाती दिला. प्रसाद! तो घेऊन टेकाड उतरलो आणि खाली आल्यावर थबकलो. आमच्या घरी प्रसाद आला की आई पहिल्याने मोजायची ती माणसे, मग सुरी. येथे मोजावयास कोण? हातात दीड हात लांब मुळा, आणि वाटावयास माणूस नाही. रस्त्यावर हजारो माणसे होती. त्या घटकेस जे एकटेपण वाटले, ते विमानातही वाटले नव्हते. साडेचारास सूर्य मावळला. या अक्षांशावर नोव्हेंबरअखेर तो इतक्या लवकर मावळतो हे आम्ही मुलांस शिकविले होते. पण अंगावर घेतले नव्हते.

संध्याकाळी भुकेने एका गल्लीतील खाणावळीत शिरलो. लाकडी फळीपुढे आठ उंच बैठका, समोर म्हातारा मालक. सहा माणसे ओळीने बसून, समोर पाहत, एकेकटी जेवत होती. जेवण्यापूर्वी प्रत्येकाने हात जोडून पुटपुटल्यासारखे केले. आपल्याकडे चित्राहुती घालतात, तद्वत्. पुतण्याने जपानीत लिहून दिलेला कागद आम्ही पुढे केला: मांस नको, मासे नकोत, माशांचा अर्कही नको. मालकाने तो दोनदा वाचला. रस्सा दाखवून त्याने नकारार्थी मान हलविली, लोणच्यांपैकी एक दूर सारले, आणि अखेर वाफाळलेला भात, सोयाबीनचे मऊ पनीर, आले व खारवलेली काकडी एवढे मांडले. आम्ही मेतकुटाची डबी काढली. भात आणि मेतकूट! पहिल्या घासास डोळ्यांत पाणी आले. दोष आल्याचा, असे आम्ही शेजाऱ्यास भासविले.

मग धीर करून मुळा फळीवर ठेवला आणि “शोदेन” एवढा एकच शब्द उच्चारला. मालकाचा चेहरा बदलला. त्याने तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाकडे नेला, अर्धा कापून बारीक किसला, आणि ओळीतील सहाही जणांपुढे, आमच्यापुढे व स्वतःपुढे एकेक चिमुकली वाटी ठेवली. वर सोयाबीनचा खारट रस. कोणी काही विचारले नाही. सहाही जणांनी आमच्याकडे वळून मान लवविली. शेजारच्या गृहस्थांनी मेतकुटाच्या डबीकडे बोट केले. त्यांच्या भातावर आम्ही चिमूटभर घातले. त्यांस ते आवडले की नाही, हे त्यांच्या सभ्यतेमुळे अखेरपर्यंत कळले नाही. उरलेला अर्धा मुळा मालकाने कागदात गुंडाळून परत दिला.

रात्री नऊ वाजता, म्हणजे पुण्यात साडेपाचास, घरी दूरध्वनी केला. तो नेहमीप्रमाणे हातोहात फिरला आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: जेवलात का? मधल्या भावाने हवामान विचारले. गणपतीचा विषय त्याने काढला नाही. शेवटी धाकट्या भावजयीच्या हातात तो गेला, तेव्हा आम्ही तिला देवळाचे, पडद्याआडच्या मूर्तीचे आणि मुळ्याचे सगळे सांगितले. तीही ऐकत राहिली. मग आम्ही विचारले, “तुझ्या नव्या स्वयंपाकघरात मोदकपात्र ठेवण्याजोगी जागा आहे ना?”

पलीकडे काही वेळ कोणी बोलले नाही. मग तिचा आवाज आला, “आहे, दादा.” तेवढ्यात सौ.ने तिच्या हातून घेतले असावे. “अहो, त्या उरलेल्या मुळ्याला मीठ लावून ठेवा,” ती म्हणाली, “नाहीतर उद्या वास येईल खोलीला.”